मुद्दाम विखुरवलेला प्रकाश

जो दोष काढून टाकण्यासाठी काचेच्या अभ्यासकांच्या दोन पिढ्या खपल्या, तोच दोष पुढे कुणीतरी मोजूनमापून, दहा हजार पटींनी वाढवून मागेल, असे १९७० साली सांगितले असते तर त्यावर कुणाचा विश्वास बसला नसता. आज तशी मागणी होते आणि ती पुरी करणारी काचही तयार होते. हे पुस्तक त्या काचेविषयी आहे.

ऑप्टिकल फायबरमधून जाणारा प्रकाश वाटेत सतत थोडाथोडा विखुरत असतो. पदार्थविज्ञानात याला प्रकीर्णन म्हणतात. विखुरलेल्यापैकी बहुतेक प्रकाश फायबरच्या कडेने बाहेर निघून जातो; अगदी थोडा मागे वळतो आणि जिथून निघाला त्याच टोकाशी परत येतो. परत येतो तेव्हा वाटेतल्या काचेचे तापमान, तिच्यावर पडलेला ताण, तिला बसलेला हादरा यांची खबर तो सोबत आणतो. किती वेळाने परतला यावरून तो नेमका कुठून आला हे कळते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर जाऊन यायला त्याला १० मायक्रोसेकंद लागतात. एवढ्या साध्या हिशोबावर १२५ मायक्रॉन जाडीचा एकच फायबर हजारो तापमापकांचे काम करतो. धरणाच्या भिंतीत, बोगद्यात, तेलविहिरीत, उच्चदाबाच्या वीजवाहिनीशेजारी असे फायबर टाकलेले असतात आणि ते वर्षानुवर्षे मुकाट काम करतात.

मात्र यांतले बहुतेक फायबर मुळात दूरसंचारासाठी बनवलेले. ते स्वस्त मिळतात, हवे तेवढे मिळतात, आणि किलोमीटरच्या हिशोबात मोजायचे असेल तर चांगले चालतातही. पण मोजायची जागाच काही सेंटिमीटरांची असेल, तापमान दर मिलिमीटरला बदलत असेल, आजूबाजूला किरणोत्सर्ग किंवा तापलेला हायड्रोजन असेल, तर ही उसनी काच अपुरी पडते. माझे ठाम मत असे आहे की संवेदनाचा फायबर काचेच्या रसायनापासूनच वेगळा घडवला पाहिजे. यंत्राची संवेदनक्षमता वाढवण्यावर जितका खर्च आणि बुद्धी आपण ओततो, त्याच्या निम्मीसुद्धा फायबरच्या गाभ्यात काय मिसळले आहे यावर ओतत नाही. पुढची प्रकरणे वाचताना वाचकाने हे मत तपासून पाहावे.

या विषयाचा एक धागा मुंबई बंदरातून जातो. १९२१ साली सी. व्ही. रामन विद्यापीठांच्या परिषदेसाठी ऑक्सफर्डला गेले होते. परतीच्या प्रवासात 'नारकुंडा' बोटीवरून भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग न्याहाळताना त्यांना लॉर्ड रॅले यांचे स्पष्टीकरण पटेना. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे रॅले यांचे म्हणणे होते. रामन यांच्याजवळ एक निकोल प्रिझम होता. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यांनी त्यातून अडवला, तरीही समुद्र निळाच दिसत राहिला. म्हणजे निळा प्रकाश पाण्याच्या आतून येत होता. पाण्याचे रेणू तो विखुरत होते. बोट मुंबईला लागली तेव्हा 'नेचर' या नियतकालिकासाठी लिहिलेल्या टिपणाखाली त्यांनी मुंबई बंदराचे नाव आणि २६ सप्टेंबर ही तारीख घातली. सात वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात, के. एस. कृष्णन यांच्या साथीने चाललेल्या प्रयोगांतून त्यांना दिसले की विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प भाग आपला रंगही बदलतो. तो दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. भाषणांत नोबेल पारितोषिकाचा उल्लेख दरवर्षी होतो. पण त्याच परिणामावर चालणारी तापमापन यंत्रे जगभरच्या बोगद्यांत आगीवर लक्ष ठेवून आहेत, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ते सांगायला हवे.

समुद्राचा विचार करताना रामन यांनी ज्या सिद्धांताचा आधार घेतला तो स्मोलुचोव्स्की आणि आइन्स्टाइन यांचा, अनुक्रमे १९०८ आणि १९१० सालचा. द्रवातले रेणू एका जागी राहत नाहीत; क्षणाक्षणाला कुठे दाटी होते, कुठे विरळ पडते. घनतेतल्या या चढउतारांवर प्रकाश विखुरतो. काचेला हेच लागू पडते, फक्त एक फरक आहे. वितळलेली सिलिका निवताना एका टप्प्यावर हे चढउतार जागच्या जागी गोठतात. पाण्यातली दाटी पुढच्या क्षणी पुसली जाते, काचेतली कायमची राहते. म्हणून प्रत्येक फायबरमध्ये सूक्ष्म चढउतारांची अशी एक रांग असते की तिच्यासारखी दुसऱ्या कुठल्याही फायबरमध्ये सापडत नाही. तापमान वाढले किंवा ताण बसला की ती रांग किंचित लांबते, विखुरलेल्या प्रकाशाच्या नक्षीत तेवढाच सरक दिसतो आणि तो मोजता येतो. रंग न बदलता होणाऱ्या या विखुरण्याला रॅले प्रकीर्णन म्हणतात, आणि त्यावर आधारलेले संवेदन म्हणजे मुळात एवढेच.

ब्रिल्वाँ प्रकीर्णनाची तऱ्हा वेगळी. काचेत उष्णतेमुळे ध्वनितरंग सतत फिरत असतात, त्यांच्यावर प्रकाश आपटला की त्याची वारंवारता थोडी सरकते. दूरसंचारात रुळलेल्या १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला हा सरक सुमारे ११ गिगाहर्ट्झ भरतो. लिओं ब्रिल्वाँ यांनी त्याचे भाकीत १९२२ साली केले होते. तापमान एका अंशाने वाढले की सरक साधारण एका मेगाहर्ट्झने वाढतो, ताणानेही वाढतो. रामन प्रकीर्णनात मात्र काचेच्या रेणूंची कंपने भाग घेतात आणि सरक एकदम १३ टेराहर्ट्झच्या घरात जातो. रंग बदललेल्या प्रकाशाच्या दोन बाजू असतात. कमी ऊर्जेची बाजू तापमानाने फारशी हलत नाही, जास्त ऊर्जेची बाजू चांगलीच हलते. दोहोंचे गुणोत्तर काढले की तापमान मिळते, ताणाचा त्रास मध्ये येत नाही. पण हा प्रकाश रॅलेच्या तुलनेत सुमारे हजारपट क्षीण असतो.

आता दूरसंचारवाल्यांच्या झुंजीकडे वळू. १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडले की काचेतला प्रकाशक्षय किलोमीटरला २० डेसिबेलपर्यंत खाली आणता आला तर काच संदेशवहनाला वापरता येईल. २० डेसिबेल म्हणजे एका किलोमीटरअखेर शंभरातला एक भाग प्रकाश उरणे. त्या काळच्या काचेत क्षय हजार डेसिबेलच्या आसपास होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कागदावरच्या धाडसाची कल्पना येते. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी गाभ्यात टायटॅनियम मिसळून ती सीमा ओलांडली. दोन वर्षांनी टायटॅनियमऐवजी जर्मेनियम घातले आणि क्षय ४ डेसिबेलवर आला. १९७९ साली जपानमध्ये तो ०.२ डेसिबेलवर पोचला. अशुद्धी जवळजवळ संपल्या होत्या, उरला होता तो मुख्यतः रॅले प्रकीर्णनाचा क्षय. काच गोठतानाच तो तिच्यात येतो, त्यामुळे तो पूर्णपणे काढणे शक्य नाही. शुद्ध सिलिकाच्या गाभ्याचे उत्तमातले उत्तम फायबर आज ०.१४ डेसिबेलच्या जवळ आहेत.

आता संवेदनाच्या बाजूने हाच फायबर पाहा. त्याच्या एका मीटरातून मागे येणारा प्रकाश पाठवलेल्या प्रकाशाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी असतो. दूरसंचारासाठी फायबर जितका उत्तम, संवेदनासाठी तो तितकाच अबोल. मोजणाऱ्यांनी या अबोलपणावर यंत्रांनी मात केली आणि ती कामगिरी मोठीच आहे. १९७६ साली बार्नोस्की आणि जेन्सन यांनी प्रकाशाचा छोटा स्पंद पाठवून त्याच्या परतीची नोंद घेण्याची पद्धत दाखवली. तुटलेली केबल कुठे तुटली हे शोधायला दूरसंचाराचे कर्मचारी आजही तिचेच यंत्र घेऊन हिंडतात. पण १० नॅनोसेकंदांचा स्पंद म्हणजे एक मीटरची धूसरता. मिलिमीटरवर उतरायचे तर लेसरची तरंगलांबी सलग बदलत न्यावी लागते, परतलेला प्रकाश मूळ प्रकाशात मिसळून दोहोंच्या वारंवारतांतल्या फरकावरून अंतर काढावे लागते. १९९८ साली अमेरिकेच्या नासा संस्थेत फ्रॉगट आणि मूर यांनी या मार्गाने साध्या फायबरच्या रॅले नक्षीतून ताण मोजून दाखवला. ही पद्धत या पुस्तकात वारंवार येईल, म्हणून तिच्याशी आधीच ओळख झालेली बरी.

यंत्र चांगले झाले तरी काच तीच राहिली. तिच्यात बदल कसा करतात, ते समजायला प्रीफॉर्म, म्हणजे ज्यातून फायबर ओढतात तो काचेचा दांडा, बनताना पाहावे. शुद्ध सिलिकाची पोकळ नळी काचेच्या लेथवर आडवी लावलेली असते आणि ती संथपणे स्वतःभोवती फिरते. एका टोकातून सिलिकॉन आणि जर्मेनियमच्या क्लोराइडांची वाफ ऑक्सिजनबरोबर आत सोडतात. नळीखालून हायड्रोजन-ऑक्सिजनची ज्योत पुढे पुढे सरकते. ज्योतीच्या पुढे, नळीच्या आतल्या अंगावर, पांढरी काजळी बसते. ज्योत तिच्याखाली आली की ती वितळून पारदर्शक होते. थरावर थर असे चढवत नेतात आणि शेवटी उष्णता दोन हजार अंशांपलीकडे वाढवून पोकळ नळी मिटवून तिचा भरीव दांडा करतात. तो दांडा उभ्या भट्टीत टोकाशी मऊ करून ओढला की त्यातून किलोमीटरगणती फायबर निघतो, आणि दांड्याच्या मध्यावर जे मिसळले असेल ते त्याच प्रमाणात फायबरच्या गाभ्यात उतरते.

प्रत्येक द्रव्य काही वाफेने आत नेता येत नाही. एर्बियमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंची क्लोराइडे सहजी वाफ होत नाहीत. मॅग्नेशियमचीही नाहीत. अशा वेळी काजळीचा शेवटचा थर पुरता वितळू न देता सच्छिद्र ठेवतात, नळी लेथवरून उतरवून तिच्यात क्षाराचे द्रावण भरून ठेवतात, मग द्रावण काढून नळी सुकवतात आणि पुन्हा लेथवर चढवतात. साउदॅम्प्टन विद्यापीठातून १९८७ साली पुढे आलेली ही रीत आजही जवळपास तशीच चालते. जिथे उपकरणांची किंमत कोटींत जाते अशा क्षेत्रात एक निर्णायक पायरी नळीत द्रावण भिजत ठेवण्याची असावी, याचे मला दर वेळी नवल वाटते. छिद्रे किती मोठी, द्रावण किती तीव्र, सुकवताना घाई झाली की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून. हे कसब शोधनिबंधातल्या दोन ओळींत मावत नाही. ते त्या हातांजवळच राहते.

गाभ्यात काही मिसळण्याचे पहिले कारण अपवर्तनांक. गाभ्याचा अपवर्तनांक भोवतीच्या काचेपेक्षा, म्हणजे क्लॅडिंगपेक्षा जास्त हवा, नाहीतर प्रकाश आत थांबणारच नाही. जर्मेनियमने तो वाढतो, फ्लुओरिनने उतरतो. पण द्रव्य आले की इतर परिणामही सोबत येतात. जर्मेनियमचे अणू काचेत अगदी एकसारखे पसरत नाहीत, त्यामुळे घनतेच्या चढउतारांत संमिश्रणाच्या चढउतारांची भर पडते आणि रॅले प्रकीर्णन वाढते. जर्मेनियमची काच रामन प्रकीर्णनही सिलिकाच्या आठ-नऊपट करते. आणखी एक गोष्ट: अतिनील प्रकाशात तिचा अपवर्तनांक कायमचा बदलतो. १९७८ साली कॅनडात केन हिल यांना याचा पत्ता लागला आणि फायबरमधल्या ब्रॅग जाळ्यांचा, म्हणजे ठरावीक रंगाचा प्रकाश परत फिरवणाऱ्या रचनांचा, सगळा उद्योग त्यातून उभा राहिला. २०१५ मध्ये माँट्रियलमधील संशोधकांनी याच गुणाचा सरळ उपयोग केला: फायबरवर अतिनील प्रकाश टाकला, त्याची रॅले नक्षी जवळजवळ शंभरपट ठळक झाली आणि संवेदनाची अचूकता सुधारली. फेम्टोसेकंद लेसरने काचेत सूक्ष्म ओरखडे उमटवून हेच साधणारेही आहेत. त्यांची माहिती पुस्तकात आहे. इथे मी थांबत नाही, कारण मला ज्याविषयी जास्त बोलायचे आहे ते मॅग्नेशियम पुढे उभे आहे.

मॅग्नेशियम आणि सिलिका यांचे फोडणीचे तेल आणि आमटी यांच्यासारखे आहे. एकत्र तापवली तरी ती दोघे वेगळी होऊ पाहतात. सिलिकात मॅग्नेशियम ठरावीक प्रमाणापलीकडे गेले की काच तापलेली असतानाच त्यातून मॅग्नेशियम सिलिकेटचे थेंब वेगळे होतात. निवताना ते तसेच राहतात आणि गाभाभर दहा-वीस नॅनोमीटरपासून शंभर नॅनोमीटरच्या आसपासचे कण पसरतात. वेगळे कण आणून टाकावे लागत नाहीत, प्रीफॉर्म बनवण्याच्या उष्णतेतच ते आपोआप तयार होतात. फ्रान्समधल्या नीस येथे विल्फ्रेड ब्लांक आणि त्यांचे सहकारी अशा फायबरवर बराच काळ काम करत होते, पण त्यांचा हेतू निराळा होता. एर्बियमला सिलिकाऐवजी या कणांच्या आतले वेगळा शेजार मिळाला तर प्रवर्धकांसाठी त्याची दीप्ती बदलता येईल, असा तो विचार. त्या कामात कणांवर विखुरणारा प्रकाश हा निव्वळ तोटा होता आणि कण लहान राखणे हे आव्हान.

मग कझाकस्तानच्या राजधानीतल्या नझरबायेव विद्यापीठातल्या डॅनिएले टोसी यांच्या गटाने हाच फायबर संवेदनासाठी घेतला. २०१९ च्या सुमारास त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. मागे येणारा प्रकाश साध्या फायबरच्या तुलनेत ४० डेसिबेलहून अधिक, म्हणजे दहा हजार पटींवर गेला होता. एका गटाचा तोटा दुसऱ्या गटाचे साधन ठरला. विज्ञानात असे घडते खरे, पण इथे ते घडायला एकाच टेबलावर काच बनवणारा आणि प्रकाश मोजणारा असे दोघे बसावे लागले. आपल्याकडे हे दोघे सहसा वेगळ्या इमारतींत बसतात, आणि मला या विषयातली सर्वांत मोठी अडचण हीच वाटते.

कणाच्या आकाराचा हिशोब वाचकाने आत्ताच मनाशी पक्का करावा. तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान कणावरून विखुरणारा प्रकाश कणाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. व्यास दुप्पट झाला की प्रकाश ६४ पट. म्हणजे गाभ्यात हजारो बारीक कण असले तरी बोलबाला असतो तो मोजक्या मोठ्या कणांचा, आणि प्रीफॉर्म बनवताना तापमानात झालेली थोडीशी चूकही फायबरचा स्वभाव पार बदलून टाकते. त्यात आणखी भर म्हणजे फायबर ओढताना मऊ झालेले हे कण लांबट होतात, काही तुटून त्यांचे तुकडे होतात. तेव्हा प्रीफॉर्ममध्ये मोजलेले कण आणि फायबरमध्ये सापडणारे कण एकच नव्हेत. कणांवरचे प्रकरण मला या पुस्तकाचा गाभा वाटते. ते घाईने वाचू नये.

दहा हजार पटींचा उपयोग काय, हे एका उदाहरणातून चांगले कळते. यकृतातली गाठ काढण्याऐवजी जागीच जाळण्याची एक पद्धत आहे. सुईसारखी शलाका गाठीत घालून रेडिओ वारंवारतेच्या विजेने आसपासची पेशीजाले तापवतात. ६० अंश सेल्सियसच्या वर पेशी जवळजवळ तत्काळ मरतात. डॉक्टरला कळायला हवे ते हे की ६० अंशांची सीमा गाठीच्या कडेपर्यंत पोचली की नाही आणि निरोगी भागात किती शिरली. शलाकेच्या टोकाशी बसवलेला तापमापक एका बिंदूचे तापमान सांगतो. इथे मात्र दर मिलिमीटरला तापमान कित्येक अंशांनी बदलते. फायबर बारीक आहे, विजेने बिघडत नाही, चुंबकीय क्षेत्रातही चालतो, आणि त्याच्यावर जागोजाग मोजता येते. पण एक फायबर म्हणजे एक रेघ. पृष्ठभागाचा नकाशा हवा तर समांतर अनेक फायबर लागतात, आणि ते सगळे एकाच यंत्राला एकाच वेळी जोडले तर त्यांचे परतलेले प्रकाश एकमेकांत मिसळून जातात.

टोसींच्या गटाने यावर काढलेली तोड मला फार आवडते. प्रत्येक संवेदक फायबरच्या आधी साध्या फायबरचा वेगवेगळ्या लांबीचा तुकडा जोडायचा, म्हणजे नॅनोकणांचे भाग यंत्राला एकामागून एक दिसतात. पहिला संवेदक बोलत असतो त्या अंतरावर इतर फांद्यांत साधी काच असते. तीही बोलते, पण दहा हजार पटींनी हलक्या आवाजात. त्यामुळे त्या अंतरावर ऐकू येतो तो एकच आवाज. साध्या काचेचा अबोलपणा, जो इतके दिवस अडचण होता, तोच इथे उपयोगी पडला. या मार्गाने प्राण्याच्या यकृतावर तापमानाचे नकाशे काढले गेले, आणि वैद्यकीय सुईच्या अंगाला असे फायबर लावून ती शरीरात शिरताना किती आणि कुठे वाकते हेही मोजले गेले.

आता किंमत. प्रकाश मागे येतो तो पुढे जाणाऱ्यातूनच येतो. साध्या फायबरमध्ये रॅले प्रकीर्णनाने किलोमीटरला ०.१५ डेसिबेल जातात असे धरले आणि प्रकीर्णन सरसकट दहा हजार पटींनी वाढवले, तर नुसत्या गुणाकाराने मीटरला दीड डेसिबेल होतात, जाऊन-येऊन तीन. प्रत्यक्षात तोटा याहून जास्तच भरतो. म्हणून हे फायबर फार तर काही मीटर, पुष्कळदा त्याहून कमी लांबीत वापरता येतात. सुईसाठी तेवढे पुरेसे आहे. धरणासाठी मुळीच नाही. अशा फायबरविषयी लिहिताना अनेकदा वाढीचा आकडा ठळक आणि तोट्याचा कोपऱ्यात असतो, आणि नवशिक्या विद्यार्थ्याला वाटते की आता सगळीकडे हाच फायबर टाकावा. कोणताही फायबर चांगला की वाईट असे विचारण्यात अर्थ नाही. किती लांबीसाठी आणि किती बारकाव्यासाठी, असे विचारायचे.

फॉस्फरसचे उदाहरण हेच दुसऱ्या अंगाने सांगते. फॉस्फरस मिसळलेली काच किरणोत्सर्गात काळवंडते, आणि ती किती काळवंडली यावरून तिने किती मात्रा झेलली हे बऱ्यापैकी सरळ प्रमाणात कळते. अणुभट्टीत संदेशवहनासाठी असा फायबर कुणी टाकणार नाही. तिथे शुद्ध सिलिकाचा किंवा फ्लुओरिनचा टिकाऊ फायबर लागतो. पण जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत कण-त्वरकांच्या बोगद्यांत मुद्दाम फॉस्फरसचे फायबर टाकलेले आहेत. रॅले प्रकीर्णनाचा परतणारा प्रकाश कुठे किती मंदावला हे पाहून कोणत्या जागी किती किरणोत्सर्ग झाला याचा नकाशा निघतो. तेलविहिरींत याच्या उलट घडले. तिथल्या उष्णतेत हायड्रोजन काचेत शिरतो आणि जर्मेनियमच्या गाभ्याला अंधारी आणतो, म्हणून खोल विहिरींसाठी शुद्ध सिलिकाच्या गाभ्याकडे वळावे लागले.

ब्रिल्वाँच्या बाबतीत द्रव्यांचा खेळ आणखी सूक्ष्म आहे. तापमान आणि ताण दोन्ही एकाच सरकात मिसळतात, आणि आकडा हाती आल्यावर पूल तापला की वाकला हे सांगता येत नाही. एक उपाय म्हणजे दोन फायबर टाकायचे, एक ताणापासून मोकळा ठेवून. दुसरा उपाय काचेतच शोधायचा. सिलिकात तापमानाबरोबर ध्वनीचा वेग वाढतो, अॅल्युमिनात उतरतो. योग्य प्रमाणात मिसळले तर दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात आणि उरतो फक्त ताण. अमेरिकेत जॉन बॅलाटो आणि पीटर ड्रॅजिक यांनी या दिशेने केलेले काम मला अभिजात वाटते. २०१२ साली त्यांच्या गटाने सिलिकाच्या नळीत नीलमण्याचा, म्हणजे शुद्ध अॅल्युमिनाच्या स्फटिकाचा, दांडा घालून तसाच ओढला. वितळलेल्या गाभ्यात नळीची सिलिका मिसळली आणि नेहमीच्या रीतीने कधी जमला नसता एवढा अॅल्युमिना गाभ्यात आला. द्रव्य, त्याचा गुण आणि मोजमाप यांची इतकी सरळ सांगड क्वचितच दिसते.

महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरजवळ स्टरलाइट कंपनीच्या कारखान्यांत काचेच्या प्रीफॉर्मपासून फायबरपर्यंतचे काम होते. कोलकात्याच्या जादवपूर भागातल्या केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेत दुर्मिळ मृदा धातूंचे आणि नॅनोकणांचे फायबर बनवण्याची परंपरा आहे. म्हणजे लेथ, भट्टी आणि फायबर ओढण्याचे मनोरे या देशात आहेत. आपले घाट, बोगदे, जुने पूल, धरणे आणि शस्त्रक्रियागृहे यांच्या गरजा काय आहेत हे इथल्या अभियंत्याला आणि डॉक्टरला कुणाहून जास्त ठाऊक आहे. या गरजा ऐकून मग काचेत काय घालायचे ते ठरवणारी माणसे मात्र मोजकी आहेत. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा विषय आपला वाटत नाही आणि प्रकाशशास्त्राच्या विद्यार्थ्याला क्षारांच्या द्रावणात हात घालायचा नसतो. मराठीत हे पुस्तक येण्याचे महत्त्व मला त्यासाठीच वाटते. दोघांनाही ते आपल्या भाषेत, एकाच टेबलावर वाचता येईल.

वाचकाला एवढीच विनंती की हे पुस्तक पेन्सिल हातात घेऊन वाचावे. पुढे येणाऱ्या प्रत्येक फायबरच्या नावापुढे समासात दोन आकडे लिहावेत: किती प्रकाश परत आला, आणि त्यासाठी किती गमावला. पुस्तकात दुसरा आकडा दिलेला नसेल तिथे तो स्वतः काढावा. त्यासाठी लागणारे गणित पहिल्या प्रकरणात आहे आणि ते बारावीच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहे.